कुकर घेताना: आतलं झाकण की बाहेरचं?

नाशिकच्या भांडी बाजारात कुकर बघायला गेलात तर लिटरच्या आधी झाकणाचं ठरवा.

आतल्या झाकणाची रचना मला फार विचारपूर्वक केलेली वाटते. वाफ झाकणाला आतून काठावर दाबून धरते, त्यामुळे दाब उतरेपर्यंत ते उघडतच नाही. आत १२० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान असतं. ऑफिसच्या घाईत झाकण ओढणाऱ्या हाताचा कुणीतरी विचार केलाय. पण अडचण तोंडाची. ते भांड्यापेक्षा अरुंद, म्हणून वरण-भाताचे रुंद डबे आत जात नाहीत. शिवाय झाकण तिरकं करून आत घालायचं, मग सरळ करून वर ओढायचं. माझ्या आईची बोटं संधिवाताने आखडली आहेत. तिला हे एकटीला जमत नाही.

बाहेरचं झाकण वरून ठेवायचं आणि फिरवायचं, दांड्यावर दांडा आला की बसलं. डबे अलगद आत जातात, घासायलाही सोपं. मात्र जबरदस्ती केली तर थोडा दाब असतानाही ते फिरू शकतं. म्हणून दाब उतरल्यावर खाली बसणारी पिन असलेलंच मॉडेल घ्या, थोडं महाग पडलं तरी.

रिंग दोन्हींची बदलावी लागते.

रोज डब्यांत वरण-भात लावणाऱ्या, वयस्कर माणसं असलेल्या घराला मी पिनवालं बाहेरचं झाकणच सुचवेन. मटकीची उसळ, मटण थेट कुकरमध्ये शिजवत असाल तर आतलं घ्या.