साज घ्यायला गुजरीत जाताय? या दुकानात जा

धाकट्या भावाचं लग्न ठरलंय, पोरगी त्यानंच पसंत केलेली. तिला कोल्हापुरी साज करायचा म्हणून आम्ही कोल्हापूरच्या गुजरीतल्या, म्हणजे सराफ बाजारातल्या या दुकानात गेलो. एरवी साधा मोबाइल घेतानाही चार ठिकाणी भाव काढणारा आमचा भाऊ, इथं मात्र पहिलाच भरगच्च साज हातात घेऊन म्हणाला, "ताई, तिच्या गळ्यात काय दिसंल! हाच घ्यायचा." वजन विचारलं नाही, मजुरी विचारली नाही. प्रेमात असलेल्या माणसाला घासाघीस केली की आपलं प्रेमच कमी पडतंय असं वाटतं, आणि सराफ कट्ट्यावर बसणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं.

इथल्या काकांनी त्याचा फायदा घेतला नाही, म्हणून हे लिहितेय. त्यांनी साज उलटा करून दाखवला. "हे बघ बाळ, आत लाख भरलीया. काट्यावर दिसतंय ते सगळं सोनं न्हवं." मग कागदावर निव्वळ सोनं, लाख, मजुरी आणि वरचा 3 टक्के जीएसटी असं सुटं सुटं मांडून दिलं. मी पतसंस्थेत सोनेतारण बघते. लाखेचं वजन वजा केलं की बायकांचे चेहरे कसे उतरतात, ते मी नेहमी बघते. घेतानाच कुणी सांगितलेलं नसतं.

तरी भाऊ इसार द्यायला निघालाच. काकांनी पैसे परत त्याच्या हातात ठेवले. "आधी पोरीला घेऊन ये. घालणार ती हाय."

ती आली. 21 पानांचा (पदकांचा) साज गळ्याला लावून बघितला, दशावतारातली मासा, कासव ही पानं बोटानं चाचपली. आवडला तिला, डोळ्यांत दिसत होतं. पण ती रोज स्कूटीवरून गोकुळ शिरगावला कामाला जाते. "हा कपाटातच राहणार. कमी पानांचा करूया, उरतील त्यात घराचं डिपॉझिट भागंल," म्हणाली. माझं ऐकून जो हलला नव्हता, तो लगेच कबूल झाला. सोबत अंगठी घेतली, तिच्यावरचा हॉलमार्कचा सहा अक्षरी नंबर (एचयूआयडी) काकांनी आमच्याच मोबाइलवर तपासायला लावला.

दुकान अगदी लहान आहे, बसायला जागा कमी आणि लग्नसराईत उभंच राहावं लागतं. महाद्वार रोडला गाडी नेऊ नका, बिंदू चौकात लावून चालत या. ऑर्डर मात्र तारखेच्या बरीच आधी द्या, कारागीर घाई करत नाहीत.