बेटावरचं निसर्ग उद्यान प्लॅन करताना विद्यार्थी आधी की रहिवासी आधी?

समजा एखादं बेट सार्वजनिक निसर्ग उद्यान करायचं ठरलंय आणि आराखडा लोकांना विचारून करायचा हेही ठरलंय. मग बहुतेक ठिकाणी काय होतं तर एक मोठी सभा लागते, कॉलेजची मुलं येतात, आसपासचे लोक येतात, भिंतीवर नकाशा आणि हातात रंगीत चिठ्ठ्या. फोटो मस्त येतात, पण हाती फारसं काही लागत नाही, कारण विद्यार्थी जे देऊ शकतात आणि रहिवासी जे देऊ शकतात ते मुळातच वेगळं आहे आणि एकाच प्रश्नाला दोघांकडून उत्तर मागितलं की दोन्ही वाया जातं.

आधी माहितीचं बघू. विद्यार्थ्यांची ताकद मोजण्यात आहे. पक्षी किती, कुठल्या झाडांची रोपं आपोआप उगवतायत, पायवाटा नेमक्या कुठून जातात, किनारा कुठे खचलाय, हे सगळं ते जीपीएस घेऊन शिस्तीत नोंदवू शकतात आणि असलं काम पैसे देऊन करून घ्यायचं तर बजेटचा मोठा भाग तिथेच जातो. पण एका सेमिस्टरमध्ये साधारण एकच ऋतू दिसतो. ओहोटीला बोट कुठे टेकत नाही, वाऱ्याची दिशा बदलली की कुठली बाजू बसण्यालायक राहत नाही, पाणी कुठे साचतं, रात्री तिथे कोण जातं, हे वर्षानुवर्षं बघितलेल्या माणसालाच माहीत असतं. मात्र रहिवाशांच्या आठवणीवर आकडा काढायला जाऊ नका, 'पूर्वी खूप पक्षी होते' हे खरं असलं तरी आराखड्यात तसंच्या तसं टाकता येत नाही.

आता गप्प कोण राहतं ते बघा, माझ्या मते इथेच खरी गोम आहे. रहिवाशांच्या सभेत ठरलेली चारपाच माणसं बोलतात, मच्छीमार त्या वेळी समुद्रावर असतात, लहान मुलं सांभाळणाऱ्या बायका येऊच शकत नाहीत, आणि शेवटी 'रहिवाशांचं मत' म्हणून जे लिहिलं जातं ते त्या चारपाच जणांचंच असतं. शिवाय रहिवासी म्हणजे काही एक गट नाही, बोट चालवणाऱ्याला गर्दी हवी असते आणि पक्षी बघणाऱ्याला नको असते. विद्यार्थ्यांचं गप्प राहणं वेगळं. त्यांना मार्क मिळवायचे असतात, त्यामुळे सरांना काय आवडेल हे ओळखूनच प्रेझेंटेशन बनतं. बिचारे करणार तरी काय! म्हणून प्रोजेक्टचे मार्क नोंदी किती नीट ठेवल्या यावर द्या, डिझाइन किती चकाचक आहे यावर नको.

याबद्दल जुना अभ्यासही आहे. शेरी अर्नस्टीन या अमेरिकन अभ्यासक बाईंनी 1969 मध्ये नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली, खालच्या पायऱ्यांवर नुसता देखावा आणि वरच्या पायऱ्यांवर लोकांच्या हातात खरा निर्णय, आणि रॉजर हार्ट यांनी 1992 मध्ये मुलांच्या सहभागासाठी तशीच आठ पायऱ्यांची शिडी पुढे आणली. हार्टच्या शिडीत खालच्या तीन पायऱ्या सहभागात धरतच नाहीत, मुलांना वापरून घेणं, शोभेला उभं करणं आणि नावापुरतं बोलावणं. तुमचा कार्यक्रम यातल्या कुठल्या पायरीवर बसतोय ते आमंत्रणं छापायच्या आधी तपासून घ्या.

प्रत्यक्षातली उदाहरणं बघितली तर चित्र जास्त स्पष्ट होतं. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडजवळ टिरिटिरी माटांगी नावाचं साधारण 220 हेक्टरचं बेट आहे, शेतीसाठी जवळपास उजाड केलेलं. 1984 ते 1994 या काळात तिथे स्वयंसेवकांनी, त्यात शाळेची मुलंही आली, सुमारे 2 लाख 80 हजार झाडं लावली, आणि गंमत म्हणजे पूर्ण बेटावर नाही लावली, बराच भाग मुद्दाम गवताळ ठेवला. 1988 मध्ये तिथे समर्थकांची संस्था उभी राहिली, ती आजही लोकांना बेट दाखवते. मुलं येऊन लावून गेली पण संस्था टिकली ती मोठ्यांमुळे, हे लक्षात घ्या.

याच्या उलट न्यूयॉर्कचं गव्हर्नर्स आयलंड. तिथे कायमचे रहिवासीच नाहीत, मग 'रहिवाशांना विचारा' म्हणजे नक्की कोणाला? पलीकडच्या किनाऱ्यावरच्यांना, फेरीने येणाऱ्यांना, की अख्ख्या शहराला? ही यादी सुरुवातीलाच करावी लागते, नाहीतर मागाहून 'आम्हाला विचारलंच नाही' हे ऐकायला मिळतं. तिथे विद्यार्थी मात्र रोजचे आहेत, कारण 2010 पासून हार्बर स्कूल ही सरकारी हायस्कूल बेटावरच भरते आणि मुलं बंदरात ऑयस्टर म्हणजे कालवं पुन्हा वाढवायच्या कामात असतात. शाळाच बेटावर असेल तर विद्यार्थी पाहुणे राहत नाहीत, पण ही सोय किती ठिकाणी असणार.

तिसरं उदाहरण टोरांटोचं, ते बेट नाही, तलावात भराव टाकून केलेली जमिनीची लांब पट्टी आहे, लेस्ली स्ट्रीट स्पिट. तिथे 1977 पासून नागरिकांचा एक गट एकच मागणी लावून धरतोय, इथे काही बांधू नका, गाड्या आणू नका, जे आपोआप उगवलंय ते राहू द्या. हे मुद्दाम सांगतोय कारण विद्यार्थ्यांना डिझाइन करा म्हटलं की ते पूल, टॉवर, कॅफे काढणारच, 'काहीच करू नका' असं सबमिट करून मार्क कोण देणार? ते म्हणायला हट्टी रहिवासीच लागतात.

बेटाची स्वतःची एक अडचण आहे जी साध्या बागेला नसते, ती म्हणजे बोट. दिवसाला बोटी किती आणि एका बोटीत माणसं किती यावर टॉयलेट, पिण्याचं पाणी, कचरा परत नेणं सगळं ठरतं. पक्ष्यांच्या विणीच्या काळात कुठला भाग बंद राहणार, सामानातून उंदीर येऊ नयेत म्हणून काय तपासणार, हेसुद्धा मतदानाचे विषय नाहीत. हे आधीच सांगून टाका की इतकं पक्कं आहे आणि इतकं तुमच्या हातात आहे. सगळं खुलं असल्याचं दाखवून मागून नियम काढले तर लोक भडकतात आणि त्यांचं बरोबरच असतं.

मग निवड कशी करायची? हातात जेमतेम सहा महिने असतील तर रहिवासी घ्या, सभा नको, चारपाच जणांच्या गटात बेटावर फिरा आणि ते जे बोलतील ते नकाशावर तिथल्या तिथे लिहा. माहितीच नसेल आणि वर्ष दोन वर्षं हातात असतील तर विद्यार्थी घ्या, पण सलग दोन तीन बॅच एकाच पद्धतीने नोंदी करतील असं कॉलेजकडून लेखी घ्या, नाहीतर प्रत्येक बॅच नव्याने सुरू करते आणि तुलना करता येत नाही. दोन्ही जमणार असेल तर मी क्रम असा लावेन की आधी रहिवाशांबरोबर फेरी, त्यातून निघालेले प्रश्न विद्यार्थ्यांना, त्यांनी मोजून आणलेलं परत रहिवाशांसमोर, आणि डिझाइन करणारा माणूस या सगळ्यानंतर. उलटं केलं, म्हणजे डिझायनर पहिला, तर बाकीचे सगळे फक्त रंग निवडायला उरतात.

आणि सभा घ्यायचीच असेल तर किनाऱ्यावर घ्या, बेटावर नको. शेवटची बोट चुकेल म्हणून लोक अर्ध्यातून उठतात आणि नेमका वादाचा मुद्दा त्यांच्या पाठीमागे मंजूर होतो.