केजीडीबी लावू की केप्रोब?

लिनक्सचा ड्रायव्हर (हार्डवेअर हाताळणारा, कर्नलमधला म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातला कोड) मध्येच अडकतो, तो दोष पकडायचा कशाने, असं टीममधल्या एकीने विचारलं. पर्याय दोन: केजीडीबी आणि केप्रोब, दोन्ही कर्नलमधल्या चुका शोधायची साधनं. एक्स८६ (इंटेल-एएमडीच्या) प्रोसेसरवर दोघांची युक्ती एकच: जिथे पाहायचं तिथल्या मशीन-सूचनेच्या पहिल्या बाइटवर इंट३, म्हणजे ब्रेकपॉइंटची (थांब्याची) सूचना, बसवायची. फरक त्यापुढे.

केजीडीबी सगळे सीपीयू थांबवतं. सीरियल केबलने दुसऱ्या मशीनवरून स्टॅक (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं ती साखळी) निवांत चाळा. पण तोवर मशीन ठप्प. चालू सर्व्हरवर हे कोण करू देईल?

केप्रोब (२००४, कर्नल २.६.९) तिथे हँडलर, म्हणजे आपण लिहिलेलं छोटं फंक्शन, चालवतो, मूळ सूचनेची प्रत एक पाऊल चालवून पुढे सरकतो. दुसरं मशीन नको. मात्र हँडलरमध्ये झोपायचं, म्हणजे कशाची वाट पाहत थांबायचं, नाही. आणि खुद्द ब्रेकपॉइंट हाताळणाऱ्या फंक्शनवर तो लावता येत नाही. लागला असता तर स्वतःच्याच शेपटीमागे फिरला असता.

टेबलावरच्या बोर्डवर दरवेळी हमखास अडकत असेल तर केजीडीबी. चालत्या सर्व्हरवर कधीतरीच चुकत असेल तर केप्रोब.