जुने ठाणे पायी पाहताना : एका हेरिटेज वॉकचे परीक्षण

जुन्या ठाण्यातून रविवारी सकाळी निघणारी ही पायी फेरी मी सांगलीहून आलेल्या मामेभावाला आणि वहिनींना सोबत घेऊन केली. बाहेरगावच्या पाहुण्यांना ठाणे दाखवायचे असेल तर ती अवश्य करावी, असे माझे मत झाले. तिच्यात एक मोठी उणीव आहे आणि ती मी पुढे सविस्तर लिहिणार आहे. त्यामुळेच फेरी घेणाऱ्या गटाचे नाव येथे देत नाही. हे परीक्षण मार्गाचे आणि सांगण्याच्या पद्धतीचे आहे, आणि अशी फेरी दुसऱ्या कोणाबरोबर करतानाही ते उपयोगी पडावे, अशी माझी अपेक्षा आहे.

ठाण्यात येणाऱ्या पाहुण्याची अडचण अशी होते की, तो बहुधा घोडबंदर रस्त्यावरच्या एखाद्या गृहसंकुलात उतरतो, संध्याकाळी मॉलमध्ये किंवा उपवनला जातो आणि ठाणे म्हणजे मुंबईच्या वेशीवरच्या उंच इमारती, असा समज करून घेऊन परततो. प्रत्यक्षात हे शहर वेगवेगळ्या कारणांनी वसलेल्या वस्त्या एकमेकींना चिकटत गेल्याने तयार झाले आहे. खाडीने कोळीवाडे वसवले, तळ्याने देऊळ आणि पेठ वसवली, किल्ल्यामुळे कचेऱ्या आल्या, रेल्वेने नोकरदारांच्या चाळी आणल्या आणि कारखान्यांनी पश्चिमेकडचा माळ भरून काढला. या वस्त्या एकमेकींपासून इतक्या जवळ आहेत की पाच-दहा मिनिटे चालले की बोलण्याची ढब, दुकानांतला माल आणि घरांची ठेवण बदललेली दिसते. रिक्षातून जाताना मात्र यातले काहीच लक्षात येत नाही.

फेरी ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला सुरू होते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी ३४ किलोमीटर अंतर कापून येथे पोहोचली, हे मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते, आणि साधारण मार्गदर्शक ते सांगून पुढे सरकला असता. आमच्या मार्गदर्शकाने तेथेच थांबून गाडी ठाण्यालाच का आणली, असा प्रश्न केला. उत्तर त्याने आमच्याकडूनच काढून घेतले. साष्टी बेटाचा हा पूर्वेकडचा काठ, समोर खाडी आणि खाडीपलीकडे घाटाकडे जाणारी वाट. देशावरचा कापूस मुंबई बंदरात आणायचा तर ही खाडी ओलांडणे भागच होते. पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, खाडीवर पूल बांधून रेल्वे कल्याणपर्यंत गेली. ठाणे हे त्या मार्गाचे शेवटचे स्टेशन नव्हते, तो पहिला टप्पा होता, हे स्टेशनबाहेरच्या सॅटिस या उन्नत पुलाखालच्या गोंगाटात उभे राहून ऐकताना आमच्या मामेभावाला, जो स्वतः मिरज जंक्शनच्या परिसरात वाढलेला आहे, फार भावले. वस्ती दाखवायची म्हणजे ती तेथे का आहे हे सांगायचे, ही शिस्त मार्गदर्शकाने पहिले दोन तास उत्तम पाळली, आणि या फेरीचे मोठेपण मला त्यातच दिसते.

स्टेशन रस्त्याने पुढे गेल्यावर जांभळी नाक्याची पेठ लागते. येथे दिलेला वेळ सर्वांत सार्थकी लागला. सकाळी आठच्या सुमाराला फुलांचा बाजार ऐन भरात असतो, भाजीच्या पाट्या उतरत असतात आणि किराणा, मसाले, पत्रावळी, पूजेचे साहित्य, पितळी भांडी यांची दुकाने एकामागून एक उघडत असतात. पाहुण्यांना दुकानांच्या रांगेत उभे करून नुसते बोलत न राहता त्याने आम्हाला अर्धा तास मोकळे सोडले आणि प्रत्येकाने आपल्या गावच्या बाजारात न मिळणारी एक वस्तू शोधून आणावी, असे सुचवले. वहिनींनी ओला जवळा आणि सुका बोंबील यांच्या वासाचा माग काढत एका कोळणीपर्यंत मजल मारली आणि तिच्याकडून सोडे, म्हणजे सोललेली सुकी कोलंबी, कसे निवडायचे, हे विचारून आल्या. ती बाई त्यांना ‘ताई’ म्हणत होती आणि त्या तिला ‘मावशी’ म्हणत होत्या. बाजार समजावून घेण्याचा याहून चांगला मार्ग मला तरी सुचत नाही.

पेठेला लागूनच कोपिनेश्वराचे देऊळ आहे. आजचे बांधकाम १७६० च्या सुमाराला सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांच्या काळातले आहे. शिवलिंग इतके भव्य आहे की प्रथमच येणारा माणूस क्षणभर थबकतो. शिलाहारांच्या काळात या नगराला श्रीस्थानक म्हणत. त्यानंतर पोर्तुगीज आले, १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले आणि दोन वर्षांनी वसईही पडली. त्या विजयानंतर वीस-एकवीस वर्षांनी झालेले हे बांधकाम म्हणजे मराठी राज्य येथे स्थिरावल्याची खूण आहे, असे मार्गदर्शकाने सांगितले, आणि ते मला पटले. गुढीपाडव्याची स्वागतयात्रा या देवळाशी कशी जोडलेली आहे, हेही त्याने सांगितले. त्या दिवशी येथे यावे, अशी इच्छा पाहुण्यांच्या मनात निर्माण झाली, हे मला महत्त्वाचे वाटते.

तलावपाळीवर मात्र फेरी थोडी सैल पडली. मासुंदा तलावाच्या काठावर छायाचित्रे काढण्यातच बराच वेळ गेला. गडकरी रंगायतन १९७८ मध्ये उभे राहिले आणि मुंबईतल्या नाट्यसंस्थांना ठाण्याचा हक्काचा प्रेक्षक मिळाला, हा या शहराच्या मराठीपणाचा मोठा अध्याय आहे. तो दोन वाक्यांत उरकला गेला. तलावाजवळचे सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चही दुरूनच दाखवले. चौदाव्या शतकात, १३२१ मध्ये, चार फ्रान्सिस्कन धर्मोपदेशकांना ठाण्यात मारले गेले. पोर्तुगीज येण्याच्या दोनशे वर्षे आधी युरोपातली माणसे या बंदरापर्यंत पोहोचत होती, एवढी एक गोष्ट सांगितली असती तरी त्या चर्चसमोर थांबण्याला अर्थ आला असता.

याची भरपाई कारागृहाजवळ झाली. ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह म्हणजे पूर्वीचा किल्ला. पोर्तुगिजांनी १७३० च्या सुमाराला तो बांधायला घेतला, सात वर्षांत तो मराठ्यांकडे गेला आणि डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी घेतला. आत अर्थातच जाता येत नाही, छायाचित्रे काढता येत नाहीत, आणि मार्गदर्शकाने ही बंदी सर्वांना आधीच बजावून सांगितली होती. रस्त्याच्या पलीकडे एका झाडाखाली उभे राहून त्याने दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे यांची हकिगत सांगितली. बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांच्या खुनाच्या आरोपावरून इंग्रजांनी डेंगळ्यांना येथे डांबले होते. १८१६ च्या सप्टेंबरमध्ये ते निसटले. गोऱ्या पहारेकऱ्यांना मराठी समजत नव्हते, तेव्हा बाहेरच्या मोतद्दाराने घोड्याची निगा राखता राखता गाण्यांतून त्यांना सुटकेचा बेत कळवला, असे त्या काळच्या इंग्रजांनीच नोंदवून ठेवले आहे. याच भिंतींआड १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे यांना फाशी देण्यात आले. नाशिकचा इंग्रज कलेक्टर जॅक्सन याच्या वधाचा हा शेवटचा भाग ठाण्यात घडला, हे आमच्या गटातल्या ठाणेकरांपैकीही काहींना माहीत नव्हते. त्या ठिकाणी मार्गदर्शकाने आवाज चढवला नाही, घोषणा दिल्या नाहीत, तीन नावे सांगितली आणि थोडा वेळ गप्प राहिला. मला ते फार योग्य वाटले.

टेंभी नाक्यावर पाहुण्यांना नवरात्रातली देवी ठाऊक असते. त्याच भागात १८७९ मध्ये बांधलेले ‘शार हशामाइम’ हे बेने इस्रायल या मराठी ज्यू समाजाचे सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, आहे. ते बाहेरूनच पाहता आले. आत जायचे असेल तर आधी परवानगी काढावी लागते आणि शनिवार हा त्यांचा विश्रांतीचा वार असल्याने त्या दिवशी तशी अपेक्षाच करू नये. कोकणात तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनिवार तेली’ असे ज्यांना म्हटले जाई, ते हे लोक. घरात मराठी बोलणारे, पेणकर, नागावकर अशी गावांवरून आडनावे लावणारे. मार्गदर्शकाने हे सगळे नीट सांगितले. फक्त त्याच्या बोलण्यातला भूतकाळ मला खटकला. ‘ते लोक इथे राहत असत’ असे तो म्हणाला, तेव्हा वहिनींनी सहज विचारले, ‘मग आता इथे कोणीच नाही का?’ १९४८ नंतर अनेक कुटुंबे इस्रायलला गेली हे खरे, परंतु ठाण्यात आजही हा समाज आहे, येथेच सण साजरे करतो आणि याच प्रार्थनास्थळात जमतो. चालत्याबोलत्या शेजाऱ्यांविषयी ते इतिहासजमा झाल्यासारखे बोलू नये, एवढी काळजी वारसा दाखवणाऱ्याने घ्यायलाच हवी.

तेथून चरईमार्गे नौपाड्यात जाऊन फेरी संपते. हा भाग मध्यमवर्गीय मराठी ठाण्याचा : गोखले रोड, राम मारुती रोड, घंटाळी, जुन्या दुमजली इमारतींच्या जागी उभे राहिलेले टॉवर आणि त्यांच्या तळमजल्यावर तग धरून असलेली फराळाची दुकाने. १८९३ मध्ये विनायक लक्ष्मण भावे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थापन केलेल्या मराठी ग्रंथसंग्रहालयाचा उल्लेख येथे झाला, पण प्रत्यक्ष भेट मार्गावर नव्हती. पाहुणा वाचणारा असेल तर त्याला तेथे स्वतंत्रपणे न्यावे.

आता उणिवेविषयी. नोंदणी करताना पाठवलेल्या मार्गात चेंदणी कोळीवाडा होता. प्रत्यक्षात ऊन वाढले आणि वेळ संपला या कारणाने तो गाळला गेला, तेही शेवटी, सगळे थकल्यावर सांगण्यात आले. ठाण्याची कथा जिथून सुरू होते तीच वस्ती वगळली जाणे ही लहान चूक नव्हे. देऊळ, किल्ला, रेल्वे हे सगळे नंतरचे. मासे मारणारी माणसे आधीची. रेल्वेच्या रुळांनी त्यांच्या वस्तीचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले, भरावांनी खाडी दूर ढकलली, सांडपाण्याने जिताडा आणि बोय हे मासे कमी केले, आणि तरीही होळीला व नारळी पौर्णिमेला हा वाडा आपले गाव असल्यासारखाच सजतो. आम्ही दुपारनंतर स्वतःच तेथे गेलो. घरांच्या ओटीवर बसलेल्या एका आजोबांनी आम्हाला बंदराची दिशा दाखवली, पूर्वी पाणी कुठपर्यंत येत असे ते हाताने दाखवले, आणि निवटी व चिंबोरी कोणत्या चिखलात मिळत असे, ते सांगितले. ज्या खाडीच्या काही भागाला २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून आणि २०२२ मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून मान्यता मिळाली, त्याच खाडीवर पिढ्यान् पिढ्या पोट भरणाऱ्यांचे म्हणणे पाहुण्याने ऐकायला हवे. फेरी कोळीवाड्यातून सकाळी साडेसहाला सुरू करून नौपाड्यात संपवली, तर ऊनही टळेल आणि शहर ज्या क्रमाने वाढले त्याच क्रमाने ते पाहताही येईल. ही सूचना मी गटाला लेखी पाठवली आहे.

माणशी ४०० रुपये शुल्कात पाणी आणि एक छापील नकाशा मिळतो. नकाशा चांगला आहे, अक्षरे मात्र ज्येष्ठांना वाचता येतील एवढी मोठी हवीत. न्याहारी शुल्कात नाही, आणि ते एका परीने बरे आहे, कारण स्टेशन परिसरात मामलेदार कचेरीजवळची मिसळ असताना दुसरे काही खायला घालणे पाहुण्यावर अन्याय ठरेल. तिखट सोसत नसेल तर मागतानाच तसे सांगावे. तेथली तिखट मिसळ कोल्हापूरकडच्या माणसालाही घाम फोडते. चालणे साधारण साडेतीन तासांचे आहे, पदपथ बऱ्याच ठिकाणी फेरीवाल्यांनी आणि दुचाकींनी अडवलेले असतात, आणि मधल्या टप्प्यात स्वच्छतागृहाची सोय मार्गदर्शकाने आधी ठरवून ठेवलेली नव्हती. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी जांभळी नाका ते टेंभी नाका एवढाच भाग करावा. पावसाळ्यात पेठेत पाणी साचते, तेव्हा नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम.

ज्यांच्याकडे आणखी एक दिवस असेल त्यांनी पश्चिमेकडचे ठाणे बसने पाहावे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची पहिली औद्योगिक वसाहत असलेली वागळे इस्टेट, ‘नितीन कंपनी’, ‘कॅडबरी’ अशी कारखान्यांची नावे मिरवणारे नाके, आणि १९२५ मध्ये सुरू झालेल्या रेमंडच्या गिरणीची जागा हे सगळे घोडबंदरच्या वाटेवरच लागते. या मार्गावर कोणा जाणकाराने फेरी सुरू केली, तर पहिली नोंदणी मी करीन.