शाळेला पायी की सायकलवर?

मुलांना गाडीने सोडणं थांबवायचं ठरलंय, पण पायी पाठवावं की सायकलवर, हे ठरत नाहीये? बरेच पालक अंतरापासून सुरुवात करतात. मी वयापासून करीन.

लहान मुलाला येणाऱ्या गाडीचा वेग आणि तिचं अंतर यांचा मेळ घालता येत नाही. ही समज दहाव्या वर्षाच्या आसपास येऊ लागते. चालताना अंदाज चुकला तर जागीच थांबता येतं. सायकलवर त्याच क्षणी तोल सांभाळायचा, ब्रेक दाबायचा, मागे पाहायचं आणि हातही दाखवायचा असतो. नेदरलँड्समध्ये मुलं सायकलवरच वाढतात, तरी तिथली वाहतुकीची परीक्षा ती 10-12 वर्षांची झाल्यावर होते. म्हणून दहाच्या आतलं मूल पायीच जावं. सायकल हवीच असेल तर सोबत मोठं माणूस हवं.

मग अंतर. एक किलोमीटर चालायला मुलाला 15 ते 20 मिनिटं लागतात, सायकलने पाच-सहा. दीड किलोमीटरपर्यंत चालणं सहज जमतं, तीनच्या पुढे सायकलच बरी. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वर्षांच्या मुलांना रोज सरासरी 60 मिनिटं व्यायाम सांगते. किलोमीटरभर झपझप जाऊन-येऊन त्यातला निम्मा वाटेतच होतो.

चालण्याचं आणखी एक देणं मला फार मोलाचं वाटतं, ते म्हणजे गप्पा. 'आज काय झालं?' असं घरी विचारलं तर 'काही नाही' म्हणणारं मूल रस्त्याने आपणहून बोलायला लागतं. सायकली एकामागे एक चालवताना हे होत नाही. पण मोठ्या मुलांना सायकलवर जे स्वातंत्र्य मिळतं, ते चालण्यात नाही. मैदान, मित्राचं घर, सगळं त्यांच्या आवाक्यात येतं.

दप्तर पाठीवर असेल तर ते मुलाच्या वजनाच्या 10-15 टक्क्यांहून जड नको. सायकलवर ते कॅरियरला बांधा, पाठीवरच्या ओझ्याने तोल जातो. आणि कपड्यांसारखी वाढत्या अंगाची सायकल घेऊ नका! सीटवर बसून पाय जमिनीला टेकलेच पाहिजेत. हेल्मेट भुवयांच्या दोन बोटं वर, कपाळ झाकेल असं.

खरा अडसर बहुधा एखादा वाईट चौकच असतो. सुट्टीच्या दिवशी नव्हे, ऐन शाळेच्या वेळी मुलासोबत ती वाट चालून बघा. सायकल असली तरी तिथे उतरून, ती हातात धरूनच रस्ता ओलांडायचा. तरीही धास्ती वाटत असेल तर चार घरं मिळून 'वॉकिंग बस' करा: ठरलेली वाट, ठरलेले थांबे, पुढे एक मोठं माणूस, मागे एक. पालकांनी पाळ्या लावून घेतल्या की रोज कुणा एकालाच धावपळ करावी लागत नाही.

शाळा फारच लांब असेल तर गाडी किलोमीटरभर अलीकडे लावा आणि उरलेली वाट दोघं चालत जा. गेटसमोरची एक गाडी तेवढीच कमी होईल.