साडेतीन तारे, शिवाय एक पूर्वी स्टार

साताऱ्यात बस स्टँडच्या मागच्या अंगाला, पहिल्या मजल्यावर, माजी सैनिकांची कागदपत्रं करून देणारं एक केंद्र आहे. चालवणारे निवृत्त हवालदार, पलटणीत क्लार्क होते. नाव टाकू नका म्हणाले, "आधीच जिन्यापर्यंत लाइन असते, ताई." म्हणून नाव न टाकता त्या केंद्राचं हे परीक्षण लिहिते. ज्याला जायचंय त्याने स्टँडवर ताठ चालणाऱ्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारावं. तो पत्ता सांगत बसणार नाही, दारापर्यंत आणून सोडेल.

मी शिलाईकाम करते. माझे सासरे, आम्ही त्यांना आबा म्हणतो, 1966 साली बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले आणि 1983 ला नाईक म्हणून पेन्शनवर आले. 1971 च्या लढाईत पूर्व आघाडीवर होते. तिथे डाव्या मांडीत स्प्लिंटर शिरला, त्यातला एक तुकडा अजून आत आहे. आणि मेडलं किती, तर दोन. एक स्वातंत्र्याला 25 वर्षं झाली तेव्हाचं, जे 1972 ला फौजेत असलेल्या सगळ्यांनाच मिळालं. दुसरं नऊ वर्षांच्या नोकरीचं. लढाईचं एकही नाही. 15 ऑगस्टला शाळेत झेंडावंदनाला माजी सैनिकांना पुढच्या खुर्च्यांवर बसवतात, तेव्हा आबांच्या शेजारी बसणाऱ्यांच्या कोटावर चार-चार, पाच-पाच लटकत असायची. आबा कधी बोलले नाहीत. त्यांनी कोटच घालायचा सोडला.

आमच्या मुलाने हे मनावर घेतलं. त्याने आधी एका ठिकाणी चौकशी केली होती. तिथल्या माणसाने "सगळं करून देतो, मेडलांसह घरपोच" म्हणून आगाऊ रक्कम सांगितली, ती ऐकून आम्ही गप्प घरी आलो. मग गावातल्याच एका सुभेदारांनी या हवालदार साहेबांकडे पाठवलं.

पहिली गोष्ट त्यांनी केली ती अशी की आमचं म्हणणं ऐकलंच नाही. "डिस्चार्ज बुक द्या" एवढंच. फौजेतून निवृत्त होताना मिळतं ते नोंदींचं पुस्तक. आबांचं बुक तेलकट कापडात गुंडाळलेलं, ते त्यांनी मागच्या पानापासून वाचायला घेतलं. मी शिलाईला आलेलं जुनं कापड आधी उलटं करून बघते, तसंच. मेडलांचं पान नंतर, आधी मेडिकल बोर्डाचं पान. तिथे लिहिलेलं: स्प्लिंटरची जखम, डावी मांडी, ऑपरेशन कॅक्टस लिली. 1971 च्या कारवाईचं ते सरकारी नाव. माझ्या सासूबाई जाईपर्यंत समजत होत्या की कॅक्टस लिली ही हॉस्पिटलातली नर्स, आणि त्यावरून आबांना त्यांनी बरंच ऐकवलेलं आहे.

साहेबांनी दोन्ही पानांवर बोटं ठेवली. "हे बघा. या पानावर माणूस लढाईत जखमी आहे. त्या पानावर माणूस लढाईत नव्हताच. पुस्तक एक, माणूस एक. आपल्याला मेडल मागायचं नाही, ही दोन पानं जुळवून मागायची."

मला वाटतं हे वाक्य ऐकायलाच त्यांची फी द्यावी. आमच्या पोराने घरून जो अर्ज लिहून आणला होता त्यात "देशासाठी रक्त सांडलेल्या जवानावर अन्याय" वगैरे होतं. साहेबांनी तो वाचून परत दिला आणि कोरा कागद घेतला. नंबर, हुद्दा, नाव, भरतीची तारीख, निवृत्तीची तारीख. अमुक पानावर अशी नोंद आहे, मेडलांच्या पानावर तिच्याशी जुळणारी नोंद नाही, तपासून दुरुस्ती करावी आणि लेखी कळवावं. अर्ध्या पानात संपलं. पोराचा चेहरा उतरला. साहेब म्हणाले, "वाचणारा क्लार्क असतो रे. मी होतो. रक्ताचं वाचून आम्ही फाइल खाली ठेवायचो, पान नंबर दिसला की उठून कपाट उघडायचो."

मेडलं राहिली कशी, हे आबांना स्वतःला आजवर माहीत नव्हतं. साहेबांनी चार प्रश्न विचारून अंदाज बांधला. आबा जखमी झाल्यावर बरेच महिने मिलिटरी हॉस्पिटलात होते. तिथून मेडिकल कॅटेगरी खाली गेली म्हणून जुन्या पलटणीत परत न जाता दुसरीकडे पोस्टिंग झालं. लढाईची मेडलं, म्हणजे पूर्वी स्टार, संग्राम मेडल, जखमेचं मेडल, ही सगळी सुरू झाली 1973 मध्ये. जुन्या पलटणीने आपल्या हजेरीवर असलेल्यांची यादी केली असणार, आबा त्यांच्या हजेरीवर नव्हते. नव्या ठिकाणच्यांना हा माणूस लढाईत कुठे होता याचं काय पडलेलं? दोघांच्या मध्ये आबा राहिले. असे बरेच येतात म्हणाले, हॉस्पिटलातून बदली झालेले जास्त.

आता मेडलांबद्दल थोडं, कारण आम्हालाही यातलं काही कळत नव्हतं. पूर्वी स्टार म्हणजे 1971 ला पूर्वेच्या रणक्षेत्रात होता त्याला. पश्चिमेला होता त्याला पश्चिमी स्टार. संग्राम मेडलचं जाळं मोठं आहे, त्या काळात लढाईच्या भागात नोकरीवर असलेल्या पुष्कळांना ते मिळालं. ही दोन मिळवायला तुमची पलटण कुठे होती आणि तुम्ही तिच्यात होता, एवढं सिद्ध झालं की पुरतं. जखमेच्या मेडलचं तसं नाही. त्याला आता पराक्रम पदक म्हणतात आणि ते शत्रूच्या थेट कारवाईत जखमी झालेल्यालाच मिळतं. गाडी उलटून पाय मोडला तर नाही, मग ती गाडी भर लढाईत का उलटेना. म्हणून साहेबांनी एकच अर्ज न करता दोन केले. स्टार आणि संग्रामचा एक, जखमेचा वेगळा. "अवघड काम सोप्या कामाला बांधलं की दोन्ही अडकतात."

आणि शेजारीपाजारी पहिला प्रश्न विचारतात तो त्यांनी आपणहून निकालात काढला: यात पैसे नाहीत. महिन्याचा भत्ता असतो तो शौर्यपदकांना, परमवीर, महावीर, वीर चक्र, सेना मेडल वगैरे. पूर्वी स्टारला दमडी मिळत नाही. "पैशासाठी आला असाल तर आत्ताच चहा पिऊन जा." आबा जागचे हलले नाहीत.

या दोन अर्जांसोबत माहिती अधिकाराचाही एक अर्ज केला, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून. मागितलं काय, तर आबांच्या शीट रोलची, म्हणजे नोकरीच्या नोंदींच्या कागदाची, प्रत आणि जखमेच्या नोंदीचा पार्ट टू ऑर्डर. पलटणीत कोण आला, कोण गेला, कोण आजारी, कोण जखमी, सगळं या पार्ट टू ऑर्डरमध्ये छापलं जातं. पुढे वाद झाला तर तेच कागद बोलतात. हा अर्ज आबांच्याच नावाने आणि त्यांच्याच सहीने करायला लावला. मी केला असता तर दुसऱ्याची खाजगी माहिती मागतेय म्हणून परत आला असता. आबांची सही थरथरते, म्हणून साहेबांनी त्यांना आधी रद्दी कागदावर गिरवायला लावलं. मुख्य अर्जांची एक प्रत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत गेली, एक थेट जवानांच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसला स्पीड पोस्टाने.

एक गोष्ट ऐकून मात्र धस्स झालं. आबा पेन्शनर, म्हणून त्यांचे कागद अजून होते. जे पेन्शन न घेता मधेच घरी आले त्यांची सर्व्हिसची कागदपत्रं 25 वर्षांनी नष्ट करतात. मागे उरते ती लाँग रोल नावाची नोंदवही, त्यात माणसाच्या वाट्याला दोन-चार ओळी. अशा घरच्यांना साहेब पहिल्याच भेटीत तोंडावर सांगतात की आशा कमी आहे. माझ्यासमोर एका बाईंना सांगितलं. त्यांचे यजमान लवकर घरी आलेले, आता हयात नाहीत, हातात फक्त एक ग्रुप फोटो. साहेबांनी पैसे घेतले नाहीत. फोटोच्या मागे पलटणीचा नंबर आणि साल होतं ते उतरवून घेतलं आणि लाँग रोलचा उतारा मागणारा अर्ज फुकट लिहून दिला. बाई रडत होत्या, साहेब पंख्याकडे बघत होते. गोड बोलणं त्यांना जमत नाही, हेही लिहून ठेवते.

तिथे बसून राहणं मात्र वाया जात नाही. अपशिंगे मिलिटरीपासून कुठून कुठून माणसं येतात. एक काका जंगी पलटणीचे, म्हणजे पहिल्या मराठाचे, नुसती रिबन घ्यायला आलेले. त्यांनी 1971 ची, पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरची लढाई सांगितली. वेढा पडल्यावर आपल्या ब्रिगेडियर क्लेर साहेबांनी शरण या म्हणून पत्र पाठवलं, तर समोरच्या पाकिस्तानी 31 बलुच पलटणीच्या कर्नलने उत्तराच्या पत्रात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. मग रात्री ते वेढा फोडायला निघाले ते नेमके मराठ्यांच्या मोर्च्यांवर आले. 11 डिसेंबरच्या सकाळी जमालपूर पडलं. दुसऱ्या दिवशी टांगाइलजवळ पूंगलीच्या पुलावर जंगी पलटणीची आणि विमानातून छत्रीने उतरलेल्या आपल्याच 2 पॅरा पलटणीची गाठ पडली, आणि ती 2 पॅरा म्हणजे मूळची तिसरी मराठा. "तिकडनं पण मराठीच शिव्या ऐकू आल्या, तवा कळलं आपलेच हायत." आबा हे ऐकताना पहिल्यांदा स्वतःहून बोलले. कुठल्या गावाजवळ लागलं, कोणी ओढत नेलं. आम्ही घरात पन्नास वर्षं ऐकलं नव्हतं ते.

निकाल सांगते. बराच काळ गेल्यावर पत्र आलं: पूर्वी स्टार आणि संग्राम मेडलची नोंद रेकॉर्डवर घेतली आहे. मेडलं त्यानंतर सावकाश आली. स्टारवर आबांचा नंबर आणि नाव कोरलेलं आहे. हे कोरलेलं असणं महत्त्वाचं, कारण बाजारात तशीच दिसणारी मेडलं विकत मिळतात, नाव नसलेली. पराक्रम पदक मिळालेलं नाही. हॉस्पिटलच्या कागदावर स्प्लिंटर आहे, पण शत्रूच्या माऱ्यात जखमी झाल्याची जी एक ओळ हवी ती मिळालेल्या प्रतींमध्ये नाही. साहेबांनी त्या तारखांचे पार्ट टू ऑर्डर पुन्हा मागवलेत. तिथूनही नाही आलं तर सैन्याचं न्यायाधिकरण आहे, मुंबईला त्याचं खंडपीठ आहे. पण तो रस्ता त्यांनी आबांचं वय बघून सुचवला, लादला नाही. या दुसऱ्या खेपेचे पैसे घेतले नाहीत. पहिल्या दोन्ही अर्जांचे मिळून सहाशे घेतले होते, टपाल वेगळं.

पोराला घाई होती. केंद्रातच काचेच्या कपाटात बाजारातली मेडलं ठेवलेली असतात, ज्यांची हरवली त्यांच्यासाठी. त्यात पराक्रम पदकही होतं. पोरगा म्हणाला, जखम तर खरी आहे, हेच लावू की. साहेबांनी कपाटाची किल्ली खिशात टाकली. "नोंद आली की मी स्वतःच्या हाताने लावीन. तोवर नाही." आबांनी मान हलवली, विषय संपला.

आता माझ्या धंद्यातलं. मेडलं कोटावर लावायची पट्टी ते तिथेच करून देतात. रिबन चांगली आहे, विणकाम घट्ट, रुंदी बरोबर 32 मिलिमीटर, रंग धुवट नाही. क्रमही त्यांना तोंडपाठ: पराक्रम पदक आलं तर ते आधी, मग पूर्वी स्टार, मग संग्राम, मग 25 वर्षांचं, शेवटी नऊ वर्षांचं. म्हणून पट्टीत पहिली जागा मोकळी सोडायला सांगितली. पण शिलाई! साध्या धाग्याचे लांब लांब टाके. चार-पाच मेडलांचं वजन त्यावर एक पावसाळा टिकायचं नाही. मी घरी येऊन सगळं उसवलं आणि मागून बकरम, म्हणजे कडक कापड, लावून पुन्हा केलं. साहेबांना तसं सांगितलं तर म्हणाले, मग तुम्हीच करून देत जा. गेल्या दिवाळीपासून त्यांच्या पट्ट्या माझ्याकडे येतात, म्हणजे हे परीक्षण अगदीच निःपक्ष नाही हे वाचणाऱ्याने धरून चालावं.

तक्रारी आहेत. फोन उचलत नाहीत, कधीच. ऑनलाइन पैसे घेत नाहीत, रोख न्या. झेरॉक्सचा दर दारावर एक लिहिलाय आणि हिशोबात दुसराच लागतो. विचारलं की "बरं, तुमचंच खरं" म्हणून कमी करतात, पण विचारावं लागतं. नोव्हेंबरात चुकूनही जाऊ नका. तेव्हा स्पर्श या फौजी पेन्शनच्या पोर्टलवरच्या हयातीच्या दाखल्यासाठी पेन्शनरांची इतकी गर्दी असते की मेडलांचं कोणी ऐकून घेत नाही. जाताना डिस्चार्ज बुक मूळ न्या, पेन्शनची ऑर्डर, हॉस्पिटलचा असेल तो कागद, आणि ज्यांची सर्व्हिस आहे त्यांना स्वतःला. ते हयात नसतील तर वारसाचा पुरावा.

एक तारा जिन्यासाठी कापला. ऐंशीच्या घरातल्या, मांडीत लोखंड असलेल्या माणसांसाठी दुकान काढायचं आणि ते बिनकठड्याच्या जिन्यावर? अर्धा झेरॉक्ससाठी. जिना चढवत नसेल तर खाली रसवंतीगृह आहे, तिथे म्हाताऱ्यांना बसवून एकाने वर जावं. सही घ्यायला साहेब पॅड घेऊन स्वतः खाली येतात. रसाचे पैसे मात्र आपल्यालाच द्यावे लागतात, त्यांच्या ग्लासाचेसुद्धा.