टर्बो गाडी एलपीजीवर घ्यावी का? पेट्रोल, एलपीजी आणि सीएनजी यांचा सांगलीतून तुलनात्मक आढावा

विश्रामबागेत आमच्या दारात २०११ सालची फियाट लिनिया टी-जेट उभी असते. १,३६८ सीसीचे टर्बो (बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये भरणारे) इंजिन, ११४ पीएस आणि २०७ न्यूटन-मीटर टॉर्क, एवढ्या भांडवलावर ती आजही महामार्गावर कुणाला हार जात नाही. तिला एलपीजी किट बसवून चार वर्षे झाल्यामुळे ओळखीपाळखीचे लोक आपापल्या टर्बो गाड्यांविषयी विचारायला येतात. पेट्रोलवरच ठेवावी, एलपीजी करावी की सीएनजी, असा प्रश्न असतो आणि बहुतेकांना लगेच किलोमीटरमागे किती वाचतात हे ऐकायचे असते. मी मात्र आधी एकच गोष्ट विचारतो: तुमच्या इंजिनात पेट्रोल फवारणारा इंजेक्टर कुठे आहे?

लिनिया टी-जेट, त्याच घराण्यातील १४५ बीएचपीची अबार्थ पुंटो, किंवा टाटाची टियागो जेटीपी यांत पेट्रोल इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळीत, फवारले जाते. गॅसचे इंजेक्टर त्याच मॅनिफोल्डला जोडता येतात आणि गॅसवर चालताना पेट्रोलचे इंजेक्टर आगीपासून दूर निवांत राहतात. बलेनो आरएस, पोलो जीटी टीएसआय, आय-ट्वेंटी एन लाइन या गाड्यांत मात्र पेट्रोल थेट सिलिंडरच्या आत सोडले जाते. तिथल्या इंजेक्टरचे तोंड ज्वालेसमोर असते आणि त्याला थंड ठेवण्याचे काम त्यातून वाहणारे पेट्रोलच करते. ते बंद करून गाडी गॅसवर पळवली तर इंजेक्टर तापतो, त्यावर काजळी धरते आणि पुढे तो गळू किंवा तुंबू लागतो. त्यावर उपाय आहेत. एका पद्धतीत गॅसबरोबर थोडे पेट्रोल सतत चालू ठेवतात, तर दुसरीत द्रवरूप एलपीजी गाडीच्याच पंपातून आणि इंजेक्टरांतून पाठवतात. पहिलीत बचत कापली जाते, आणि दुसरीचे किट महाग असून ते नीट लावणारा हात आपल्याकडे सहजी सापडत नाही. म्हणून थेट इंजेक्शनच्या गाडीपुरते माझे उत्तर ठरलेले आहे: ती पेट्रोलवरच राहू द्यावी. पुढचा सगळा विचार मॅनिफोल्डमध्ये फवारणाऱ्या टर्बो इंजिनांपुरता आहे.

अशा इंजिनाला एलपीजी स्वभावतः मानवते. एलपीजीचा ऑक्टेन, म्हणजे दाबाखाली वेळेआधी न पेटण्याची क्षमता, आपल्या पंपावरच्या साध्या पेट्रोलपेक्षा वरचा, शंभराच्या पुढे असतो, त्यामुळे एप्रिलच्या उन्हात चार माणसे बसवून घाट चढतानाही इंजिन खडखडत नाही. फियाट समूहाने युरोपात हेच १.४ लिटर टर्बो इंजिन अल्फा रोमिओच्या मिटो आणि ज्युलिएट्टा या गाड्यांत कारखान्यातूनच एलपीजीसह विकले होते, आणि मला धीर आला तो त्यामुळे. सीएनजीचा ऑक्टेन एलपीजीपेक्षाही वरचा असला तरी त्याची अडचण जागेची आहे. वायुरूप इंधन मॅनिफोल्डमध्ये शिरते तेव्हा तेवढी हवा बाहेर राहते. योग्य मिश्रणात एलपीजीची वाफ साधारण ४ टक्के जागा घेते, तर सीएनजी ९ ते १० टक्के. टाटांनी २०२४ साली नेक्सॉनचे टर्बो सीएनजी रूप आणले, त्यात टॉर्क १७० न्यूटन-मीटर कायम राहिला, पण पेट्रोलवरचे १२० पीएस गॅसवर १०० झाले, आणि हे काम कारखान्याने जमवलेले आहे. बाहेरून बसवलेल्या किटकडून याहून बऱ्याची अपेक्षा कशाला धरावी? शिवाय सीएनजी २०० बार दाबाने साठवावा लागतो, म्हणून त्याची टाकी जाड आणि जड असते. ६० लिटरच्या टाकीत जेमतेम ९-१० किलो गॅस मावतो आणि डिकी जवळपास संपते. एलपीजीची गोल टाकी स्टेपनीच्या खड्ड्यात बसते. माझी ४२ लिटरची आहे, ती नियमाप्रमाणे ८० टक्केच, म्हणजे ३३ लिटरच्या आसपास भरते आणि तेवढ्यात ३०० किलोमीटर निघतात. सांगलीहून पुणे एका दमात होते. बेघर झालेली स्टेपनी मात्र डिकीत लोळत असते.

टर्बो गाडीच्या किटमध्ये खरी कसोटी रिड्यूसरची असते आणि ती मी एका चुकीची किंमत मोजून शिकलो. रिड्यूसर हा कूलंटच्या उष्णतेवर द्रव गॅसची वाफ करतो आणि तिचा दाब मॅनिफोल्डपेक्षा साधारण एक बारने वर राखतो. इंजेक्टरमधून किती गॅस सुटणार हे या फरकावर ठरते. टर्बो भरला की मॅनिफोल्डचा दाब वाढतो, म्हणून रिड्यूसरनेही त्याच्याबरोबर वर चढले पाहिजे. त्यासाठी मॅनिफोल्डपासून रिड्यूसरपर्यंत बोटाएवढी एक रबरी नळी येते. माझे किट ज्यांनी पहिल्यांदा बसवले, त्यांनी ही नळी न जोडता तोंड मोकळे सोडले होते आणि मॅपिंग, म्हणजे कुठल्या वेळी किती गॅस सोडायचा याची जुळणी, गाडी जागेवर उभी ठेवून केले होते. सांगलीच्या सपाट रस्त्यांवर काही कळले नाही. पुढच्या रविवारी साताऱ्यात ताईकडे गेलो असता कासला जायचे निघाले, आणि यवतेश्वरच्या घाटात दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबताच गाडीने आचके दिले, इंजिनचा पिवळा दिवा लागला आणि भाचा मागून म्हणाला, “मामा, गाडीला उचकी लागली.” परत आल्यावर प्लग काढले, तर चारही टोके खडूसारखी पांढरी पडलेली. बूस्टवर, म्हणजे टर्बो हवा दाबून भरत असताना, गॅस कमी पडून मिश्रण पातळ झाले की प्लग असे दिसतात, आणि तशीच गाडी दामटत राहिल्यास पुढे एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह आणि टर्बोची टर्बाइन भाजून निघते.

दुसऱ्या मेकॅनिकने नळी जोडली, रिड्यूसर अधिक क्षमतेचा घातला, प्लगची गॅप ०.६ मिलिमीटरवर आणली, कारण गॅस पेटवायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागते, आणि लॅपटॉप मांडीवर घेऊन शेजारच्या सीटवर बसून तासगाव रस्त्याला मॅपिंग केले. ४,५०० आरपीएमच्या वर पूर्ण भार आला की गाडी आपोआप पेट्रोलवर जावी, अशी सोयही त्याने गॅसच्या ईसीयूमध्ये (किटच्या नियंत्रक संगणकात) करून दिली. टर्बो गाडीसाठी ही सोय मी अत्यावश्यक मानतो. तेव्हा किटवाल्याला इतकेच विचारावे की मॅपिंग चालत्या गाडीत, बूस्टवर करणार का. “त्याची गरज नसते” असे उत्तर आले तर तिथून उठावे. जुन्या पद्धतीचे मिक्सर किट टर्बोला सुचवणाऱ्याच्या दारात तर थांबूही नये, कारण त्यात बॅकफायर होऊन, म्हणजे आग उलटी इनटेकमध्ये येऊन, तिथले पाइप फुटण्याची भीती असते.

आता पैशाचे. दर बदलतात, म्हणून उदाहरणापुरते पेट्रोल १०५ रुपये आणि एलपीजी ६५ रुपये लिटर धरू. माझी गाडी पेट्रोलवर १२ आणि एलपीजीवर साडेनऊ किलोमीटर देते, कारण एका लिटर एलपीजीत उष्णताच कमी असते. किलोमीटरमागे ८.७५ विरुद्ध ६.८४ रुपये, म्हणजे १.९१ रुपयांची बचत दिसते. पण सकाळी इंजिन तापेपर्यंतचे दोन-तीन किलोमीटर पेट्रोलवर जातात, गॅसचे फिल्टर आणि प्लग लवकर बदलावे लागतात, म्हणून मी दीड-पावणेदोन रुपयेच धरतो. ५५,००० रुपयांचे किट वसूल व्हायला त्या हिशेबाने ३१ ते ३७ हजार किलोमीटर लागतात. वर्षाला आठ हजार चालणाऱ्या हौसेच्या गाडीला हा व्यवहार परवडत नाही. रोज सांगली-कराड करणाऱ्याला दोन वर्षांच्या आत परवडतो. इंधनाच्या निव्वळ खर्चात सीएनजी बहुधा पुढे राहतो, हे मान्यच आहे. फक्त त्यासाठी कमी पिकअप, जड डिकी आणि पंपावरची रांग पत्करावी लागते. रांग एलपीजीलाही आहे. माझ्यापुढे बहुतेक रिक्षा असतात आणि लिनिया पाहून रिक्षावाले काका अजूनही हसतात. एलपीजीचे पंप विरळ असल्याने गाव सोडताना पेट्रोलची टाकी निम्म्याखाली जाऊ देऊ नये.

कागदपत्रांच्या बाबतीत दोन्ही गॅस सारखेच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे इंधन बदलल्याची नोंद आरसीवर करून घ्यावी लागते, मग पासिंग एमएच १० चे असो की साताऱ्याचे एमएच ११. विमा कंपनीलाही कळवावे लागते. बीएस-६ पेट्रोल गाड्यांना किट बसवण्याची मुभा केंद्राने ऑगस्ट २०२२ मध्ये दिली, परंतु किटची मंजुरी तुमच्या मॉडेलला लागू असावी लागते, तेव्हा आगाऊ रक्कम देण्यापूर्वी त्या मंजुरीची प्रत मागून घ्यावी. वॉरंटीतल्या गाडीने हा विचारच करू नये. घरगुती सिलिंडरमधून गॅस भरून देणारे भेटतात. तो गुन्हा आहे, आणि जिवाशी खेळ आहे तो वेगळाच. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळला तर वर उडून न जाता डिकीत आणि तळघरातल्या पार्किंगमध्ये साचतो, म्हणून टाकीच्या व्हॉल्व्हवर बंद पेटी आणि तिची नळी गाडीखाली बाहेर काढलेली आहे ना, हे वाकून स्वतः पाहावे.

व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या सीटची झीज ही आणखी एक बाजू आहे. गॅस कोरडा जळतो, म्हणून मी टर्बोच्या भारात तो कमी वापरतो आणि दर वर्षी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासून घेतो. चार वर्षांत आकडे हललेले नाहीत. ज्यांना नवीनच गाडी घ्यायची आहे आणि रोजची धाव मोठी आहे, त्यांनी कारखान्यातून आलेला टर्बो सीएनजी घ्यावा. ज्यांच्याकडे टी-जेटसारखे इंजिन आधीच आहे, रोजचे साठ-सत्तर किलोमीटर आहेत आणि बूस्टवर मॅपिंग करणारा माणूस हाताशी आहे, त्यांनी एलपीजी करावे. भाच्याने गेल्या महिन्यात जुनी पोलो जीटी टीएसआय घेतली आणि किटचे विचारले, तेव्हा मी त्याला बॉनेटसुद्धा उघडू दिले नाही.